देवराई (मुळशी व मावळ)

गावाने देवाच्या नावे राखलेले रान. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात अशा राया अधिक. पुणे जिल्ह्यात मुळशी, मावळ, वेल्हे (आता राजगड), भोर हे तालुके त्यांचे मुख्य क्षेत्र. हिंजवडीला लागून असलेले मारुंजी मुळशीच्या पूर्व भागात. तिथून ताम्हिणीकडे निघाले की पाऊस वाढत जातो आणि वाघजाई, काळकाई, म्हसोबा यांची राने भेटू लागतात. देव म्हणजे बहुधा शेंदूर फासलेला तांदळा (अनघड दगड), तोही उघड्यावर.

देवराईला माणसाचा हात लागलेलाच नसतो, हा शहरी समज. हात लावायचे नियम होते, एवढेच. वाळला फाटा, हिरडा, मध, औषधी साल यांबाबत गावोगावचा रिवाज वेगळा. उभे झाड तोडायचे तर देवाला कौल लावायचा, कौल मिळाला नाही तर कुऱ्हाड खाली. याच गावांतला शेतकरी बांधावरच्या ऐनाच्या झाडाची मात्र गय करत नाही. टहाळ तोडतो, तो पालापाचोळा आणि शेणासह पसरून उन्हाळ्यात राब भाजतो, पावसाच्या तोंडाला तिथेच भाताचे रोप टाकतो. छाटून छाटून बांधावरचा ऐन नुसता सोट उरतो; राईतला ऐन डेरेदार वाढतो. दोन्ही रूपे माणसानेच घडवलेली.

पवना खोऱ्यातली आजिवलीची राई भेरली माडांसाठी ओळखली जाते. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात या राया धुंडाळल्या. त्यांचा लेख १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’त आला. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावाने आपली राई तोडू नये म्हणून धरलेला आग्रह गाडगीळांनी नोंदवला आहे. गावकऱ्यांचे म्हणणे रोखठोक होते : राई गेली तर ओढा आटेल. देवाच्या धाकामागे पाण्याचा हा हिशेब होताच. जपानात शिंतो देवळांभोवती, इथिओपियात चर्चभोवती अशीच वने टिकून आहेत.

मारुंजी-हिंजवडीच्या बाजूला आता आयटी पार्क आणि टॉवर. तरी देव आणि रान यांचे नाते सुटलेले नाही : चैत्र पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचे बगाड निघते आणि त्याचे लाकूड मुळशीच्या जंगलातून आणण्याचा रिवाज आहे.

रस्ते, फार्महाउस, प्लॉटिंग यांनी राया आक्रसल्या, हे खरेच. पण जीर्णोद्धाराकडे फारसे कोणी बोट दाखवत नाही. तांदळ्यावर सिमेंटचे देऊळ चढते, पुढे सभामंडप, फरशी, गाड्या लावायला मोकळी जागा. आणि या खर्चासाठी राईतलीच झाडे विकली गेल्याची उदाहरणे आहेत.