भिंतीवरची रेघ

आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीजवळ. पूर आम्हाला नवा नाही. आजा पाण्याच्या कडेला काठी रोवायचा आणि घटकाभरानं बघायला जायचा. काठी बुडत चालली की म्हणायचा, "चढतंय. जनावरं सोडा."

पुढं सांगलीच्या आयर्विन पुलावरचे आकडे कळू लागले. ४० फुटांला इशारा, ४५ ला धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. आमच्या सोप्यात छातीएवढं. ओसरल्यावर मी भिंतीवर विळ्यानं रेघ मारली आणि तिच्या हातभर वर फळ्या ठोकून माळा केला. वाटलं, झाली कायमची सोय.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी उंबऱ्याशी आलं, तरी मी रेघेकडं बघत बसलो. आई म्हणाली, "आरं, तुझी रेघ पाण्याला ठावं हाय व्हय? ऊठ." मी उठलो, पण उशिरा. पुलावर पाणी ५७ फुटांवर गेलं. माळ्यावरचा जोंधळा कुजला. अंधारात दावं कापून सोडलेली गाय परत आली नाही.

सरकारी नकाशात लाल पूररेषा असते, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. म्हणजे शंभर वर्षं निवांत, असं नव्हे. तो धोका दर साली असतोच. २०२१ ला पाणी पुन्हा ५० च्या वर होतंच की!

रेघ सांगते पाणी कुठवर आलं होतं. कुठवर येईल, ते नाही. आता पुलावर ४० झाले की जनावरं माळावर नेतो. आणि काठी रोवतो.