पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती : एअर इंडियाच्या हवाईसुंदऱ्यांचा लढा

१/ एकाच विमानात, एकाच प्रवाशांची सेवा करणारे दोन कर्मचारी. पुरुष असल्यास निवृत्तीचे वय ५८. स्त्री असल्यास ३५. स्वतंत्र भारतातील एका सरकारी महामंडळाचा हा लिखित नियम होता.

२/ १९५३ साली विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि टाटांनी उभारलेली एअर इंडिया सरकारी झाली. तिच्या विनियम ४६ नुसार हवाईसुंदरीची नोकरी तीनपैकी जे आधी घडेल त्या क्षणी संपत असे : वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, सेवेच्या पहिल्या ४ वर्षांत विवाह, अथवा पहिले गर्भारपण.

३/ विनियम ४७ ने एक पळवाट ठेवली होती. व्यवस्थापकीय संचालकांना वाटल्यास एकेक वर्ष मुदतवाढ, जास्तीत जास्त १० वर्षे. म्हणजे पंचेचाळिशी गाठणे हा हक्क नव्हता, वरिष्ठांची मर्जी होती. याउलट पुरुष पर्सर ५८ पर्यंत वेतन, बढती आणि वाढत जाणारे निवृत्तीलाभ मिळवीत राही.

४/ नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. त्यांचा आधार होता संविधानाचे अनुच्छेद १४, १५ व १६. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो न्या. मुर्तझा फजल अली यांनी लिहिला.

५/ निकाल संमिश्र होता. पहिल्या गर्भारपणाची अट न्यायालयाने कठोर शब्दांत रद्द केली. तीत भारतीय स्त्रीत्वाचा अवमान आहे, असे ठरविले. संचालकांचा अनिर्बंध अधिकारही गेला, त्यामुळे मुदतवाढीसह ४५ पर्यंतची सेवा मर्जीवर अवलंबून राहिली नाही.

६/ परंतु विवाहाची अट टिकली. कुटुंबनियोजन आणि विवाहसमयीची परिपक्वता ही कारणे न्यायालयाला ग्राह्य वाटली. आणि ४५ विरुद्ध ५८ हा मूळ भेदही टिकला.

७/ तो का टिकला? संविधान ‘केवळ’ लिंगाच्या कारणावरून भेदभाव निषिद्ध मानते. न्यायालयाच्या मते हवाईसुंदरी आणि पर्सर यांची भरती, सेवाशर्ती, बढतीचे मार्ग भिन्न होते; म्हणून ते दोन वेगळे वर्ग, आणि भेद ‘केवळ’ लिंगाधारित नाही. पण हे वर्ग वेगळे केले होते ते मुळात महामंडळानेच. एका शब्दाच्या अर्थावर स्त्रियांच्या सेवेची १३ वर्षे अडकली.

८/ पुढे पायरीपायरीने वय वाढले. १९८९ च्या सरकारी निर्देशाने ५८ पर्यंत नोकरीची सोय झाली, पण पंचेचाळिशीनंतर जमिनीवरील कामात. १९९३ मध्ये उड्डाणाची मर्यादा ५० झाली. ती मुंबई उच्च न्यायालयाने अवैध ठरविली. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून कामगार संघटनांशी झालेले करार ग्राह्य धरले.

९/ अखेर त्याच वर्षाच्या शेवटी केंद्र सरकारच्या निर्देशाने स्त्रियांनाही ५८ पर्यंत उड्डाणाची मुभा मिळाली. विमानातील पर्यवेक्षकपदाचा मार्गही खुला झाला. त्याला आव्हान मिळाले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने कौल दिला.

१०/ या प्रकरणाचा धडा कायद्याच्या विद्यार्थ्यांइतकाच इतिहासाच्या अभ्यासकांसाठीही मोलाचा आहे. निवृत्तीचे वय म्हणजे निव्वळ एक आकडा नसतो. किती वर्षे कमवायचे, किती बढत्यांपर्यंत पोहोचायचे आणि म्हातारपणी हाती किती उरायचे, हे तो आकडा ठरवितो. १९८१ मध्ये न्यायालयाने जी दरी मान्य केली, ती बुजायला २२ वर्षे लागली. आणि ती बुजविली एका सरकारी निर्देशाने.