मिग-२१ : परत हवे ते कोणते?

निवृत्त लढाऊ विमानांविषयीची हळहळ हा आता जवळजवळ एक स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढच्या हवाई तळावर भारतीय वायुसेनेने मिग-२१ला निरोप दिला. वायुसेनाप्रमुख ए. पी. सिंग त्या दिवशी स्वतः त्यात बसून उडाले. १९६३ साली ज्या चंडीगढला या विमानाची पहिली तुकडी उभी राहिली, तेथेच बासष्ट वर्षांनी तिची अखेर व्हावी, ही योजना एखाद्या नाटककाराला शोभली असती. त्यानंतर विमानप्रेमी मंडळींच्या लेखनात एक मागणी वारंवार भेटते : सगळी विमाने चौथऱ्यांवर चढवू नका, एखादे तरी उडते ठेवा. या मागणीला आम्ही हसत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला दुरूनही मोह पडावा अशीच ती आहे. प्रश्न एवढाच, की परत हवे आहे ते नेमके कोणते मिग?

हा प्रश्न घोटीत बसून विचारण्याला थोडे कारण आहे. घोटी हे इगतपुरी तालुक्यातले बाजाराचे गाव. भाताच्या गिरण्या, पावसाळ्यातली चिखलराड आणि पावसाने उघडीप दिली तर कळसूबाईचे दर्शन, एवढ्यावर त्याची ओळख भागते. पण मुंबई-आग्रा रस्ता आणि मध्य रेल्वे दोन्ही कसाऱ्याचा घाट चढून येथूनच नाशिककडे जातात, आणि नाशिकच्या पलीकडे वीस-पंचवीस किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, ओझर आहे. मुंबईत उतरलेले काहीही ओझरला न्यायचे तर वाट घोटीवरून. देशातली बहुसंख्य मिग-२१ विमाने ज्या कारखान्यात जुळवली गेली तो आमच्याच जिल्ह्यात आहे. पण निरोपाच्या लेखांत चंडीगढ येते, श्रीनगर येते, बिकानेरजवळचे नाल येते, ओझर मात्र एखाद्या वाक्यापुरते.

वस्तुतः या कथेचे पहिले प्रकरण मुंबईत घडले. सोव्हिएत संघाशी करार झाला १९६२ साली, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना. पहिली सहा विमाने पेट्यांत भरून जहाजाने मुंबईस आली, सांताक्रूझला सोव्हिएत तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली जुळवली गेली आणि १९६३च्या उन्हाळ्यात चंडीगढला पोहोचली. २८ क्रमांकाच्या त्या तुकडीचे नेतृत्व करणारे दिलबाग सिंग पुढे वायुसेनाप्रमुख झाले. दरम्यान चीनच्या युद्धाने मेनन गेले होते आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला आले होते. लोकसभेत जाण्यासाठी चव्हाणांनी मतदारसंघ घेतला तो नाशिकचा, आणि १९६३च्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. पाठोपाठ १९६४ साली मिगचा कारखाना ओझरला आला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी ती वाटणी होती. राजकारण आणि भूगोल यांची अशी गाठ महाराष्ट्राला नवी नाही. नाशिककरांनी मात्र ती अजून कृतज्ञतेने लक्षात ठेवली आहे.

ओझरला आधी रशियातून आलेले भाग जोडण्याचे काम होते, पुढे कच्च्या मालापासून विमान घडू लागले. एफएल, एम, बिस असे एकामागून एक प्रकार तेथे झाले आणि १९८७च्या सुमारास मिग-२१चे उत्पादन थांबले, तोवर सुमारे ६०० विमाने ओझरहून बाहेर पडली होती. त्यानंतर मिग-२७ आले, त्याची १६५ विमाने येथे झाली. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला त्याचाही निरोप झाला आणि त्याच्याहीसाठी हळहळणारे आहेत. नवे शतक उजाडताना सव्वाशे जुन्या बिस विमानांना नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे देऊन त्यांचे 'बायसन' करण्याचे कामही मुख्यतः येथलेच. विमान साठ वर्षे टिकले असे म्हणताना ते कोणी तरी टिकवले, हे विसरले जाते. रिबेट ठोकणारा, तारांचे जुडगे ओवणारा, इंधनाच्या नळ्या दाबाखाली तपासणारा आणि प्रत्येक कामाखाली सही करणारा माणूस या कथेत कोठेच दिसत नाही. गिरणगावाला नारायण सुर्वे लाभले. ओझरला आपला सुर्वे अजून भेटायचा आहे.

विमानप्रेमींच्या मनातले मिग वेगळे आहे, आणि तेही खोटे नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातल्या राजभवनावर मिग-२१ विमानांनी अग्निबाणांचा मारा केला, आणि पूर्व पाकिस्तानचे राज्यपाल मलिक यांनी तळघरात बसून राजीनामा लिहिला. एवढ्या थोड्या वेळात एवढा राजकीय परिणाम घडवणारे हल्ले युद्धेतिहासात फार नसावेत. त्याच युद्धात या विमानाने पाकिस्तानची एफ-१०४ विमाने पाडली. २०१९च्या फेब्रुवारीतली अभिनंदन वर्धमान यांची हकिकत तर आबालवृद्धांना पाठ आहे. शिवाय आजच्या मागणीला निव्वळ स्मरणरंजन म्हणून झटकता येत नाही : मंजूर ४२ तुकड्यांपैकी मिग गेल्यानंतर वायुसेनेकडे २९च उरल्या. रिकाम्या जागेकडे पाहताना माणसाला गेलेल्याची आठवण येणारच.

पण रिकाम्या जागा इतरही आहेत. २०१२ साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत दिलेला आकडा असा : मिग जातीच्या सर्व प्रकारांची मिळून ८७२ विमाने घेतली गेली, त्यांपैकी १९७१-७२ पासून ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्यू पावले. याला एकटे यंत्र दोषी धरणे अन्यायाचे होईल. त्रिकोणी आखूड पंखांचे हे विमान ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीवर उतरत असे, आणि नवशिक्या वैमानिकाला त्याची सवय करून देणारे मधल्या टप्प्याचे प्रशिक्षण विमान आपल्याकडे नव्हते. ते घ्यावे अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ साली केली; हॉक विमानांचा करार झाला २००४ साली. ही बावीस वर्षे कोणत्याही निरोपसमारंभात आठवली जात नाहीत.

त्या बावीस वर्षांच्या शेवटाकडे, १७ सप्टेंबर २००१च्या रात्री, राजस्थानात सुरतगढ येथे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ कोसळले. चौकशीत दोष मानवी चुकीकडे गेला. त्यांच्या आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांनी हा निष्कर्ष स्वीकारला नाही. राष्ट्रपतींपर्यंत पत्रव्यवहार केला, जाहीरपणे बोलत राहिले, आणि पुढे पुण्यात मुलाच्या नावे 'जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट' उभारली. २००६ साली 'रंग दे बसंती' आला तेव्हा या लढ्याची आठवण अनेकांना झाली. तो चित्रपट प्रदर्शनापूर्वी संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सेनाधिकाऱ्यांना दाखवावा लागला होता, ही नोंद वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी जरूर करावी. कलाकृतीला सत्ता केव्हा घाबरते याचे ते चांगले उदाहरण आहे. चित्रपटात मुलाचे नाव निष्कलंक करण्याचे काम बंदुका हाती घेतलेले मित्र करतात. प्रत्यक्षात ते एका मराठी आईने पत्रे लिहून, कागदपत्रे मागून केले. चित्रपटाला हे रुक्ष वाटले असावे. आम्हाला तोच भाग अधिक नाट्यमय वाटतो.

आता परतीविषयी. जुने लष्करी विमान पुन्हा उडवता येते. इंग्लंडमध्ये १९९३ साली थांबलेले व्हल्कन बाँबफेकी विमान लोकवर्गणीतून २००७ मध्ये पुन्हा उडाले. पण २०१५ मध्ये त्याच्या तांत्रिक जबाबदारीतून संबंधित कंपन्यांनी अंग काढून घेतले आणि ते कायमचे खाली उतरले. आपल्याकडे २०१८ मध्ये एक डाकोटा विलायतेत दुरुस्त होऊन 'परशुराम' या नावाने वायुसेनेत दाखल झाले. डाकोटा मात्र संथ, साधे आणि क्षमाशील विमान. मिगचे इंजिन आता कोणी बनवत नाही. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातली स्फोटके ठरावीक मुदतीत बदलावी लागतात. रबरी जोड सुकतात. आणि धातूची थकावट बाहेरून दिसत नाही. जुन्या विमानांना पुरेसे सुटे भाग मिळत नसताना तरुणांना त्यांत बसवण्याचा अनुभव आपण एकदा घेतला आहे. केवळ आमच्या डोळ्यांच्या सुखासाठी तो पुन्हा घ्यावा, असे आम्हाला वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग मिग चौथऱ्यावरच राहू द्यायचे काय? राहू द्यावे, हरकत नाही. मात्र त्याच्याशेजारी फलक लावताना वेग आणि उंची यांच्या आकड्यांबरोबर ते कोणत्या साली, कोठे घडले आणि त्याच्या जातीची किती विमाने कशी गेली, हेही लिहावे. जुन्या अपघातांचे चौकशी अहवाल अभ्यासकांना खुले व्हावेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रात आता कोणते गुपित उरले आहे? आणि ओझरच्या कामगारांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्याव्यात. या कामाला सरकारी परवानगी लागत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे मराठी आणि इतिहास विभाग मिळून ते एका उन्हाळी सुट्टीत सुरू करू शकतील. रशियन तंत्रज्ञांबरोबर काम करताना मराठी कारागिराने कोणती भाषा घडवली, कोणते रशियन शब्द ओझरच्या चाळीत शिरले, हा भाषाविज्ञानाचाही विषय आहे.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी, चंडीगढच्या निरोपाला तीन आठवडे होत असताना, ओझरच्या धावपट्टीवरून तेथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. टाळ्या झाल्या, छायाचित्रे आली, ते योग्यच झाले. १९६६च्या सुमारास विशीत असताना ओझरला कामाला लागलेले जे कोणी नाशिक, निफाड, पिंपळगाव, घोटी परिसरात असतील, ते आज ऐंशीच्या घरात आहेत.