दिल्लीचा नगारा, दौलताबादचा पिंग

माझा भाचा दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो. गेल्या ईदला मी त्याच्या घरी गेलो, तर स्वारी संगणकासमोर डोके धरून बसलेली. ऑनलाइन खेळात त्याचा गडी अडखळत चालत होता आणि बटण दाबले तरी बंदूक उशिरा उडत होती. शहरातल्या मुलांनी त्याला संघातून काढले होते. "मामू, मी नेम बरोबर धरतो. पण तो तिथे पोहोचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो," तो म्हणाला.

खेळातले मला काही कळत नाही. पण दुरून येणाऱ्या निरोपांची गोष्ट या गावाइतकी कुणाला ठाऊक असणार?

1327 साली मुहम्मद तुघलकाने देवगिरीला राजधानी केले आणि तिचे दौलताबाद झाले. दिल्ली इथून 40 दिवसांची वाट. 1333 साली हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने त्या काळची डाक वर्णिली आहे. पायी डाकेच्या दर मैलाला तीन चौक्या असत. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात घंट्या लावलेली काठी. घंट्या ऐकू आल्या की पुढच्या चौकीवरचा गडी कंबर कसून उभा राही. सिंधहून दिल्ली 50 दिवसांची वाट, पण बातमी 5 दिवसांत पोहोचे. सुलतान दौलताबादला असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणीही हेच हरकारे आणत.

दमास्कसच्या अल-उमरीने तर आणखी नवल लिहून ठेवले आहे. तो स्वतः इथे आला नव्हता. त्याने प्रवाशांकडून ऐकले. दिल्ली आणि देवगिरी यांच्यामध्ये टप्प्याटप्प्यावर नगारे ठेवलेले होते. एका शहराचा दरवाजा उघडला की नगारा वाजे, तो ऐकून पुढचा वाजे, आणि दूरच्या शहराचे दरवाजे कधी उघडले, कधी मिटले, हे सुलतानाला रोज कळे.

हे सांगताच भाचा उठून उभा राहिला. "मामू, हा तर पिंग! फक्त आमची थाप जाऊन परत येते, आणि ती किती वेळात आली ते मिलिसेकंदांत मोजतात."

मग आम्ही दोघांनी एकेक चौकी तपासली. पहिली चौकी घरातलाच राऊटर. त्याला पिंग केला तर आकडा कधी 3, कधी 200. म्हणजे दोष घरातच! राऊटर ओसरीवर, संगणक आतल्या खोलीत आणि मध्ये जुनी दगडी भिंत. लांब वायर आणून दोन्ही जोडले, तसा आकडा एकच्या आत स्थिरावला.

पुढची चौकी खेळाचा सर्व्हर. त्याने सिंगापूर निवडले होते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबई-सिंगापूर अंतर सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर. नुसत्या जाण्यायेण्यालाच 40 मिलिसेकंद लागणार; कितीही पैसे भरा, ते कमी होणार नाहीत. त्या खेळाला मुंबईचा सर्व्हर होता, तो निवडला.

संध्याकाळी पुन्हा खोळंबा. बघतो तर भाची मोबाईलवरून ईदचा व्हिडिओ पाठवत होती. एकाच वाटेने गंगेच्या पाण्याच्या कावडी आणि तातडीचे पत्र निघाले, तर पत्र अडणारच. व्हिडिओ जाईपर्यंत थांबलो.

आता आकडा चांगला, तरी चित्र झटके खातच होते. भाचा म्हणाला, "मामू, हा लॅग नाही. निरोप वेळेवर येतोय, आपलाच संगणक दमतोय." यंत्र बंद करून झाकण उघडले. पंख्यात बोटभर धूळ! गरम झाले की यंत्र आपणहून मंदावते. धूळ काढली आणि चित्र वाहते झाले.

तिथे मला पुन्हा सुलतान आठवला. घोडे, हरकारे, नगारे, सगळे होते. बातमी पोहोचवण्यात त्याने कसर ठेवली नव्हती. तरी दख्खनचे अमीर बिथरले. त्यांचे बंड मोडायला तो स्वतः दौलताबादला आला, पण गुजरातेत दुसरे बंड उठले आणि त्याला तिकडे धावावे लागले. 1347 साली याच दौलताबादेत हसन गंगू तख्तावर बसला आणि बहमनी राज्य सुरू झाले. वाट कितीही वेगवान केली, तरी आलेल्या बातमीचे काय करायचे ते दरबारातच ठरते. आपण मात्र दर वेळी वाटेलाच दोष देतो. माझा भाचाही महिनाभर इंटरनेट कंपनीला शिव्या देत होता.

चार दिवसांनी रात्री त्याचा निरोप आला. त्यात एवढेच होते, "मामू, 28. संघात घेतलं."