मापाचा शेर, वजनाचा शेर

कुंभकोणमहून जेमतेम दोन कोसांवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. राहूच्या देवळासाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु पाककलेच्या इतिहासाची गोडी असणाऱ्याने पाहावे ते तेथील विष्णूचे, उप्पिलिअप्पन्‌चे मंदिर. तमिळमध्ये 'उप्पु' म्हणजे मीठ. मुलगी अजून लहान आहे, अन्नात मीठ किती घालावे हेही तिला कळत नाही, अशी सबब मार्कंडेय ऋषींनी सांगितली, तेव्हा वृद्धाच्या वेषात मागणी घालावयास आलेल्या विष्णूने अळणी जेवण्याचे कबूल केले, अशी स्थलकथा आहे. मूळ नाव 'ओप्पिलि', म्हणजे अनुपम, असून त्याचेच पुढे 'उप्पिलि' झाले असेही सांगतात, आणि आम्हांस ते अधिक पटते. कसेही असो, नैवेद्य आजही अळणीच होतो. म्हणजे मापाच्या दृष्टीने जो जिन्नस सर्वांत फसवा, तोच या पाकशाळेतून हद्दपार झालेला आहे!

फसवा अशासाठी की, ज्या भांड्यात एक किलो पाणी मावते त्यात तांदूळ सुमारे आठशे ग्रॅम, सैल भरलेली कणीक पाचशेच्या थोडी वर, तर दळलेले मीठ बाराशेच्या आसपास बसते. खडेमीठ मात्र खड्यांमधल्या पोकळीमुळे त्याहून बरेच कमी. माप जागा मोजते, तराजू भार मोजतो. दोहोंची सांगड घालणारा एकच आकडा कोणत्याही काळी नव्हता व असणारही नाही.

तरीही नावे एकच ठेवण्याचा मोह माणसास आवरत नाही. १०१० साली पूर्ण झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील राजराज चोळाच्या शिलालेखांत धान्य मोजण्याच्या मरक्कालाचे नाव 'आडवल्लान्', आणि सोने तोलण्याच्या दगडाचेही तेच. आठ नाळींचे एक मरक्काल, बारा मरक्कालांचे एक कलम. नाळीच्या खाली उरि, उळक्कु, आळक्कु अशी निम्म्यानिम्म्याने उतरणारी मापे.

१६७६ च्या सुमारास एकोजीराजांबरोबर मराठी माणसे या प्रांतात स्थिरावली, ती आपली परिभाषा घेऊनच. चिपटे, मापटे, शेर, पायली ही आपली उतरंडही अशीच दुपटीची. आपल्याकडेही शेर दोन: एक मापी, दुसरा वजनी. जुन्या दफ्तरांतून 'कैली' म्हणजे मापाचे, असे स्पष्ट लिहिण्याची चाल होती, ती उगीच नव्हे. घरातली वृद्ध स्त्री 'शेरभर' म्हणते तेव्हा तांदळाचा शेर मापाचा व तुपाचा वजनाचा, हे तिला सांगावे लागत नसे. परप्रांती बदलीवर आलेल्या सुनेस मात्र पत्र पाठवून विचारावे लागे.

त्यात 'मण' हा शब्द आणखी घोटाळ्याचा. उत्तरेकडचा सरकारी मण चाळीस शेरांचा, सुमारे सदतीस किलोंचा. मुंबईचा अठ्ठावीस पौंडांचा. मद्रासचा अवघा पंचवीस पौंडांचा, आठ वीसैंचा. चाळीस पलम् म्हणजे एक वीसै, आणि पलम् तीन तोळ्यांचे. तेव्हा इंदूरच्या मणाने मद्रासेत भोजन घालू पाहणाऱ्याची दोन-तृतीयांश पंगत उपाशी उठावी! कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही ठिकाणी दिवाण झाले. त्यांच्या मुदपाकखान्याने हा हिशेब कसा सांभाळला असेल, याचे आम्हांस फार कुतूहल आहे.

ही गंमत वाटली तरी अन्नछत्रात ती गंमत नव्हती. दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेल्यावर छत्रांच्या अन्नदानास धक्का लागू नये म्हणून त्यांनी १८०१ साली रेसिडेंट टोरिन यांस लिहिले होते. अशा दानात मापाची कड महत्त्वाची असते. माप शीग लावून भरावयाचे की काठी फिरवून सपाट, एवढ्या फरकात किती तरी पाने कमी होतात. आणि मापाचे वजन करताना कारकुनाने सपाट माप धरले, तर शीग कागदावरून कायमची नाहीशी होते.

१९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली. १९५८ पासून किलो बाजारात उतरला व १९६२ पर्यंत शेर आणि वीसै दोघेही निवृत्त झाले. आता तिरुनागेश्वरम्‌च्या दुकानातही तांदूळ किलोनेच मिळतो. नववधू उंबरठ्यावर पायाने लवंडते ते माप मात्र अजून तांदळानेच भरतात, आणि ते शिगेपर्यंतच.