नोंदणी-विवाहाची किंमत

रजिस्टर लग्न म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक टेबल, एक जाडी वही, तीन साक्षीदार आणि फार तर पेढ्यांचा पुडा एवढेंच चित्र उभें राहतें. वाजंत्री नाहीं, अंतरपाट नाहीं, अक्षता नाहींत. कोणी काटकसर म्हणून त्याची वाखाणणी करतात, तर कोणी चोरून केलेलें लग्न म्हणून नाकें मुरडतात. हा विधि स्वस्त आहे याविषयीं मात्र दोन्ही पक्षांचें एकमत असतें. आम्हांस तें मान्य नाहीं. एके काळीं या लहानशा विधीसाठीं फार मोठी किंमत मोजावी लागे. ती कशी उतरत गेली, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचा आमचा हेतु आहे.

या विवाहाचा कायदा झाला तो बंगाल्यांतील एका अडचणीमुळें. केशवचंद्र सेन यांचे अनुयायी मूर्तिपूजेचे संस्कार टाकून विवाह करूं लागले, तेव्हां असे विवाह कायद्यानें ग्राह्य आहेत कीं नाहींत असा प्रश्न निघाला. त्यांच्या मागणीवरून सर हेन्री मेन यांनीं १८६८ सालीं विधेयक आणलें, पण त्यास सनातनी मंडळींचा विरोध झाला. मग तें केवळ ब्राह्मांपुरतें करावें असें ठरलें, तर आदि ब्राह्मसमाजानें, आम्ही हिंदूच आहों, आम्हांस वेगळा कायदा नको, अशी हरकत घेतली. अखेर फिट्झजेम्स स्टीफन यांनीं तोड काढली ती अशी कीं, आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख वा जैन नाहीं असें जे लिहून देतील, त्यांसच हा विवाह खुला. हाच १८७२ चा तिसरा कायदा.

या कायद्यांत दोन गोष्टी त्या काळाच्या फार पुढें होत्या. पहिली पत्नी हयात असतां पुरुषास या पद्धतीनें दुसरें लग्न करतां येत नसे, ही एक. दुसरी अशी कीं, निबंधक व तीन साक्षीदार यांच्यासमक्ष वरानें वधूचा आणि वधूनें वराचा स्वीकार केल्याचें स्वमुखानें सांगावयाचें. कन्यादानांत पिता देतो, वर घेतो आणि वधू दिली जाते. येथें देणारा कोणी नाहीं. स्वीकारणारे मात्र दोघे आहेत. सारा विधि या एका वाक्यांत सामावला, म्हणूनच तो इतका लहान झाला. परंतु तें वाक्य उच्चारण्यापूर्वीं धर्म नाकारावा लागे. ज्यास जात मोडावयाची होती पण धर्म सोडावयाचा नव्हता, त्याची मोठी पंचाईत होई.

ही अट काढण्याचा भूपेंद्रनाथ बसू यांचा १९११ सालचा प्रयत्न फसला. १९२३ सालीं डॉ. हरिसिंग गौर यांस यश आलें. हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांस आपला धर्म राखून परस्परांत असा विवाह करतां येऊं लागला. पण धर्माच्या जागीं आतां घर द्यावें लागलें. असा विवाह करणारा एकत्र कुटुंबांतून तुटे, त्यास दत्तक घेतां येत नसे, आणि तो एकुलता एक पुत्र असल्यास त्याच्या पित्यास दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मोकळीक असे. जिवंत मुलाची जागा अशी रिकामी धरली जाई!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व डॉ. शारदा कबीर यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजीं दिल्लीस त्यांच्या निवासस्थानीं, मोजक्या मंडळींच्या उपस्थितींत, नोंदणी पद्धतीनेंच झाला. भिन्न जातींच्या हिंदूंचे विवाह सरसकट वैध ठरविणारा कायदा १९४९ सालीं झाला. त्यापूर्वीं अशा जोडप्यास निःशंक मार्ग म्हणजे नोंदणीचाच. देशाच्या कायदेमंत्र्यासही त्याच दारानें जावें लागलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें हें दार कोणत्याही दोन धर्मांच्या माणसांस, धर्म न सोडतां, खुलें झालें. हिंदूंस एकत्र कुटुंबांतून तोडणारें कलम मात्र राहिलेंच. वधूवर दोघेही हिंदु असल्यास तें लागू नाहीं, अशी दुरुस्ती १९७६ सालीं झाली. भिन्न धर्मांच्या जोडप्यांतील हिंदूस तें अजून लागू आहे.

आणखी एक गोष्ट उरली आहे. विवाहापूर्वीं द्यावयाच्या नोटिशीची मुदत १८७२ सालीं चौदा दिवसांची होती. आतां ती तीस दिवसांची आहे. ही नोटीस कचेरींत सर्वांस दिसेल अशी लावली जाते. ती प्रसिद्ध करणें वधूवरांच्या इच्छेवर असावें, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयानें २०२१ सालीं दिला. पण कायद्याचें कलम आहे तसेंच आहे. ज्यांच्या घरचे राजी आहेत त्यांस या कागदाचें कांहीं वाटणार नाहीं. ज्यांचे राजी नाहींत, त्यांस ते तीस दिवस फार लांब जातात. या लग्नास माणसें थोडीं असतात याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. तेव्हां अशा लग्नास कोणी साक्षीदार म्हणून बोलावल्यास वाचकांनीं जरूर जावें, आणि तें एक वाक्य लक्ष देऊन ऐकावें, अशी आमची विनंती आहे.