न वितळणारे चीज आणि किनाऱ्यावरचा एक जुना प्रश्न

ग्रीसमधील खाणावळींत जेवणाआधी एक साधा पदार्थ वाढतात. घट्ट, खारट चीजचा बोटभर जाडीचा तुकडा घ्यायचा, पाण्यात बुडवून पिठात घोळवायचा आणि दोन कानांच्या छोट्या कढईत ऑलिव्हच्या तेलावर दोन्ही बाजूंनी तांबूस करायचा. वरून लिंबू पिळले की झाले. कढईच्या नावावरूनच त्याला ‘सागानाकी’ म्हणतात. सायप्रस बेटावरचे ‘हालूमी’ चीज तर थेट निखाऱ्यावरच्या जाळीवर भाजतात. वरचा थर तांबूस होतो, आतला भाग मऊ पडतो, पण तुकडा ओघळून जात नाही.

पिझ्झावरचे चीज तापताच वितळते व त्याच्या तारा निघतात, हे विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. मग हालूमी का वितळत नाही? आणि आपले पनीर तरी तव्यावर का वितळत नाही? हा झाला रसायनशास्त्राचा प्रश्न. त्याला जोडून इतिहासाचाही एक प्रश्न आहे. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या किनाऱ्याकडे जाताना मुर्धे, राई, मोर्वा ही गावे लागतात. हा सारा परिसर जुन्या साष्टीचा भाग. भाईंदरची मिठागरे प्रसिद्ध आहेत, म्हणजे मीठ हाताशी होते. गाई-म्हशींचे दूध होते. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हापासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत, चीज खाणाऱ्या पोर्तुगीजांची या किनाऱ्यावर सत्ता होती. त्यांचा पाव येथे घरोघरी रुजला. चीज मात्र रुजले नाही. असे का व्हावे?

आधी रसायनशास्त्र पाहू. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिने केसीन या गटातील असतात. केसीनचे रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या साहाय्याने एकत्र येऊन अतिसूक्ष्म गोलक बनवतात. या गोलकांच्या पृष्ठभागावर कापा-केसीन नावाच्या प्रथिनाची केसांसारखी टोके असतात आणि त्यांवर ऋण विद्युतप्रभार असतो. त्यामुळे गोलक एकमेकांना दूर लोटतात व दूध दूधच राहते. दूध घट्ट करायचे, तर हे अंतर मोडावे लागते. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आम्लाचा. तापलेल्या दुधात लिंबाचा रस घातला की ऋण प्रभार नाहीसा होऊ लागतो, गोलकांतील बरेचसे कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर पडते आणि प्रथिने थेट एकमेकांना चिकटतात. दूध आधीच तापलेले असल्याने निवळीतली एरवी विरघळून राहणारी प्रथिनेही या जाळ्यात अडकतात. हे पनीर. दुसरा मार्ग रेनेटचा. दूध पिणाऱ्या वासराच्या, करडाच्या किंवा कोकराच्या जठरात कायमोसिन नावाचे विकर असते. ते कापा-केसीनच्या साखळीतील १०५ व्या आणि १०६ व्या ॲमिनो आम्लांमधला नेमका एक बंध तोडते. केसांसारखी टोके गळून पडतात आणि गोलक कॅल्शियमच्या मदतीने एकत्र येऊन लवचिक दही बनते.

आता वितळण्याचे कोडे सुटते. पिझ्झावर वापरतात त्या मोझरेला चीजमध्ये रेनेटबरोबर थोडे आम्लही तयार झालेले असते. ते काही कॅल्शियम काढून घेते, सगळे नाही. त्यामुळे जाळे सैल होते आणि तापल्यावर वाहते. हालूमीत सहसा विरजण घालत नाहीत. आम्ल जवळजवळ तयार होत नाही, कॅल्शियमचे बंध शाबूत राहतात. शिवाय चीजचे तुकडे त्याच्याच निवळीत ९० अंश सेल्सिअसच्या वर शिजवतात आणि मग खारवतात. पनीरची गोष्ट उलट टोकाची. तेथे कॅल्शियमचे पूल फारसे उरत नाहीत, पण प्रथिनांची एकमेकांवरची पकड इतकी घट्ट असते की उष्णतेने ती सुटत नाही. फक्त पाणी निघून जाते. एकाच परिणामाची दोन वेगळी कारणे असू शकतात, हे वर्गात सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही. पृष्ठभागावरचा तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो प्रथिने व शर्करा यांच्यातील अभिक्रियेमुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आता इतिहासाकडे वळू. ग्रीकांची दूध विरजण्याची कला फार जुनी. होमरच्या ‘ओडिसी’तील एकाक्ष राक्षस पॉलिफेमस दुधाचा अर्धा भाग विरजून विणलेल्या टोपल्यांत निथळत ठेवतो. अंजिराच्या चिकाने दूध गोठते, हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होते. म्हणजे वनस्पतिजन्य विरजण ही आजची कल्पना नव्हे.

आपल्याकडे मात्र दूध नासणे अशुभ मानले गेले आणि दूध मुद्दाम नासवण्याची कला पोर्तुगीजांनी बंगालमध्ये आणली, असे एक मत आहे. खाद्येतिहासाचे अभ्यासक के. टी. अचया यांच्या लेखनामुळे ते बरेच प्रचलित झाले. बंगालमधील बँडेल चीजशी पोर्तुगीजांचे नाव जोडले जाते, हेही खरे. पण या मताला छेद देणारे पुरावे आपल्याच परंपरेत आहेत. यजुर्वेदीय यज्ञविधींत तापलेल्या दुधात दही घालून ‘आमिक्षा’ करीत आणि उरलेल्या निवळीला ‘वाजिन’ म्हणत. दुसरा पुरावा महाराष्ट्राच्या अगदी सीमेवरचा आहे. आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही कल्याणी चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, तापवलेले दूध आंबट पदार्थाने फोडून, त्यातला घट्ट भाग पिठात मिसळून तळण्याचा आणि साखरेत घालण्याचा एक गोड प्रकार येतो. वास्को द गामा येण्यापूर्वीची ही गोष्ट साडेतीन शतकांहून अधिक जुनी. तेव्हा आम्लाचा मार्ग आपल्याला माहीत होता. रुजला नाही तो रेनेटचा.

का रुजला नाही? पहिले उत्तर हवामानाचे दिले जाते. मुरवायच्या चीजला महिनोन्‌महिने थंड जागा लागते. कोकणच्या दमट उष्म्यात ती कोठून मिळणार? पण हालूमीसारखे मिठाच्या पाण्यात राहणारे ताजे चीज उन्हाळी प्रदेशातलेच आहे. दुसरे उत्तर तुपाचे. दुधातला स्निग्धांश तुपाच्या रूपाने टिकत असताना चीजची गरजच काय? हे उत्तर वजनदार आहे, पण पुरेसे नाही.

येथे इतिहासाने जणू एक तुलनात्मक प्रयोगच करून ठेवला आहे. सुरत आणि मुंबईच्या पारशी घरांत ‘टोपली पनीर’ करतात. नाव पनीर असले तरी ते लिंबाने नव्हे, रेनेटने जमवतात आणि छोट्या टोपल्यांत निथळवून खारट निवळीत ठेवतात. हवामान तेच, दूध तेच, मीठ तेच, तूपही त्यांना वर्ज्य नाही. वेगळे होते ते एवढेच, की जठरातून काढलेले विरजण दुधात घालण्यास त्यांची हरकत नव्हती. एका उदाहरणावरून सारे सिद्ध होत नाही. तरीही अडसर हवामानापेक्षा रेनेटचा अधिक होता, असे आम्हाला वाटते. दूध देणाऱ्या गाईच्या वासराला मारून त्याच्या जठराने तिचेच दूध विरजायचे, ही कल्पना येथील बहुसंख्य लोकांना असह्य होती. पोर्तुगालमध्ये काटेरी कार्डून वनस्पतीच्या वाळलेल्या फुलांनी मेंढीचे दूध विरजण्याची पद्धत आजही आहे. ती येथे रुजली असती, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

या अडचणीची दखल विज्ञानाने एकोणिसाव्या शतकात घेतली. सिंध आणि अफगाणिस्तानात एका झुडपाच्या फळांनी दूध जमवीत. हे झुडूप म्हणजे आपल्या अश्वगंधेचे भावंड, विथानिया कोॲग्युलन्स. त्याला पनीरबूटी असेही म्हणतात. त्याच्या बिया इंग्लंडला पोचल्या आणि केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिडन ली यांनी त्यांतून मिठाच्या पाण्याच्या साहाय्याने रेनेटसारखे विकर वेगळे केले. १८८३ मध्ये त्यांनी हे काम रॉयल सोसायटीपुढे मांडले. वासराचे रेनेट न चालणाऱ्या भारतीयांसाठी चीज करता येईल का, हाच प्रश्न त्यामागे होता. पण या विकराने केलेल्या चीजला कडवटपणा येतो. व्यापारात ते टिकले नाही.

उत्तर मिळाले ते विसाव्या शतकात. १९६० च्या दशकात जपानमध्ये केई आरिमा यांच्या गटाने म्यूकर जातीच्या बुरशीपासून दूध जमवणारे विकर मिळवले. पुढे वासराच्या कायमोसिनचे जनुक सूक्ष्मजीवांत घालून तेच विकर टाक्यांमध्ये तयार करता येऊ लागले आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. अन्नात वापरण्यास मान्यता मिळालेले जनुकीय तंत्राने बनवलेले हे पहिले विकर. आज मीरा-भाईंदरमध्ये शाकाहारी, त्यातही जैन, कुटुंबांची वस्ती मोठी आहे आणि तेथील दुकानांत हिरव्या खुणेचे चीज सहज मिळते. त्यामागे बुरशीचा आणि जीवाणूंचा हा इतिहास आहे.

वर्गात पुढील प्रयोग करावा. एक लिटर दूध उकळून किंचित निवू द्यावे, दोन लिंबांचा रस थोडा थोडा घालून ते फोडावे, कापडात बांधून तासभर वजनाखाली ठेवावे. त्याची बोटभर जाड कापे करून मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवावीत आणि पुसून, पिठात घोळवून, तेलावर तांबूस करावीत. शेजारी मोझरेलाचा तेवढाच तुकडा ठेवावा. तवा शिक्षकांनी हाताळावा. दोन्ही तुकड्यांची उंची व रुंदी दर अर्ध्या मिनिटाने विद्यार्थ्यांनी नोंदवावी. शक्य असल्यास खरवसाचीही एक वडी तापवून पाहावी. चीक ना आम्लाने जमतो, ना रेनेटने. त्यातली विपुल प्रतिपिंडे व इतर प्रथिने नुसत्या उष्णतेने गोठतात. मग ती वडी तव्यावर वितळेल का, हे विद्यार्थ्यांनी आधी कारणासह लिहावे आणि नंतर पडताळावे.

प्रयोग संपल्यावर वेष्टने वाचायला सांगावे. विरजण कशाचे, याचे उत्तर घटकांच्या यादीत शोधताना विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल, की ताटात काय येते हे जसे रसायनशास्त्र ठरवते, तसे माणसाचे मनही ठरवते. आणि मनाचा आक्षेप विज्ञानाने गंभीरपणे घेतला, तर त्यातून नवे विज्ञान जन्माला येते.